महिनाअखेरचा माल कोणाच्या गळ्यात?

जुलैची ३१ तारीख, रात्रीचे साडेआठ. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनमध्ये मी, कंपनीचा विक्री प्रतिनिधी, बॉक्सच्या थप्पीला टेकून उभा होतो. बाहेर पाऊस धरून राहिला होता. एरिया मॅनेजरचा दर वीस मिनिटांनी फोन, आणि प्रश्न एकच, “किती झालं?” टार्गेट ४२ लाखांचं, झाले होते ३५. बिलिंग बारा वाजता बंद होणार. गादीवर बसलेले अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्याकडे आधीचाच वीस-बावीस दिवसांचा माल पडून होता, आणि तो आम्हा दोघांनाही समोर दिसत होता. मी म्हटलं, “अण्णा, एवढा महिना सांभाळून घ्या. पुढच्या महिन्यात हलकं करून देतो.” त्यांनी चष्मा काढून पुसला, चेकबुक पुढं ओढलं. “घाल बाबा बिल. चेक वीस तारखेचा देतो. पण हे शेवटचं, बरं का.” जूनच्या अखेरीलाही ते हेच म्हणाले होते, आणि मीही.

त्या रात्री कंपनीच्या हिशेबात कोल्हापूरनं शंभर टक्के गाठले. प्रत्यक्षात एकाही दुकानात एक वडी जास्त विकली गेली नव्हती.

विक्रीच्या नोकरीत मी चौदा वर्षं काढली. कोल्हापूर हेडक्वार्टर, साबण आणि बिस्किटं, दोन कंपन्या. नोकरी सोडून आता पाच वर्षं झाली. एवढ्या काळात टार्गेट ही कंपनीची खासगी बाब आहे, त्यात बाहेरच्यानं बोलायचं नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि मीही ते मानत आलो. आता मला ते मान्य नाही. कामाचे तास, पगार, रजा या जशा नोकरीच्या अटी आहेत तशीच टार्गेट ही नोकरीची अट आहे. ती लेखी असली पाहिजे, तिचं गणित कर्मचाऱ्याला दिसलं पाहिजे आणि ती मोजायची कशी यावर कायद्याची नजर असली पाहिजे.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं तर आधी दोन शब्द समजून घ्यावे लागतात. कंपनीनं डिस्ट्रिब्युटरला घातलेलं बिल म्हणजे प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल म्हणजे सेकंडरी. गिऱ्हाइकापर्यंत माल पोचला की नाही याच्या जवळ जाणारा आकडा सेकंडरीचा. पण कंपनीची विक्री पुस्तकात दिसते ती प्रायमरीची, म्हणून माझं टार्गेटही प्रायमरीवर. माझ्या भागाची सेकंडरी त्या जुलैत जेमतेम ३३ लाखांची होती. ४२ आणि ३३ मधला फरक कुठंतरी ठेवायला जागा लागते. ती जागा म्हणजे अण्णांचं गोडाउन. आमच्यात याला माल ठोकणं म्हणतात.

ठोकलेल्या मालाचं पुढं काय होतं ते सांगतो, कारण नुकसान नेमकं तिथं होतं. अण्णांना त्या मालावर सुटणार चार-पाच टक्के. त्या रात्रीचा सात लाखांचा जादा माल महिनाभर पडून राहिला तर बारा टक्के दरानं व्याजाचेच सात हजार गेले. वीस तारखेचा चेक वटायचा तर पैसा उभा करावा लागतो. मग माल होलसेलला मारला जातो, खरेदीच्या भावात किंवा त्याहून खाली. तोच माल टेम्पोत बसून निपाणीला पोचतो. तिथला डिस्ट्रिब्युटर ओरडतो की बाहेरचा माल आला, आणि तिथल्या माझ्यासारख्याच पोराचं टार्गेट बुडतं. तो वाचण्यासाठी त्याच्या महिनाअखेरीला माल ठोकतो, आणि तो माल चिकोडीमार्गे आणखी कुठंतरी निघतो. जो विकला जात नाही तो बिस्किटांचा माल सहा महिन्यांत एक्स्पायर होतो. त्याचा क्लेम कंपनी मंजूर करील असं तोंडी सांगितलेलं असतं. सांगणारा मी. मंजूर करणारा मुंबईत बसलेला, ज्याला मी कधी पाहिलं नाही.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढच्या वर्षी येतो. टार्गेट काढतात ते गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावर अठरा-वीस टक्के चढवून. म्हणजे या जुलैत ठोकलेले सात लाख पुढच्या जुलैचा पाया बनतात. खोट्यावर वीस टक्के वाढ लावून आलेला आकडा गाठायला आणखी मोठं खोटं लागतं. मी सोडून गेलो तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलाला हा पायाच वारसा म्हणून मिळाला. त्यानं आठ महिन्यांत राजीनामा दिला. त्याच्यात काही कमी होतं असं मला कधी वाटलं नाही.

याचा अर्थ विक्रीचं काम हलकं किंवा खोटं आहे असा कोणी काढू नये. या कामानं मला जे शिकवलं ते कॉलेजात शिकलो नसतो. गगनबावड्याच्या बीटवर, म्हणजे माझ्या ठरलेल्या फेरीवर, कळे गावाच्या पुढं, एका मावशींचं दुकान आहे. पहिल्या वर्षी मी त्यांना मोठे पॅक घ्या म्हणून मागं लागलो होतो. त्यांनी मला बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “पोरा, दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. बिल आलं की बाया दुकानात येतात. त्याच्या आधी तू कितीबी माल ठेव, माझ्या फळीवर धूळ खाईल.” त्या दिवसापासून मी त्या बीटच्या तारखा दूध बिलावर बसवल्या. मग कळलं की कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले की बीडकडची ऊसतोड टोळी गावागावांत उतरते आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्या संपतात. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायचा नियम आहे, ती लांबली की दुकानातली उधारी लांबते आणि दुकानदार माझा हात धरून म्हणतो, “साहेब, पुढच्या फेरीला.” जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याकडं तर माणूसच घराबाहेर पडत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये मी ते लिहीतही होतो. पण टार्गेट ठरवताना मला एकदाही कोणी विचारलं नाही. बारा महिन्यांना एकच टक्केवारी, किनारपट्टीपासून विदर्भापर्यंत. बाजाराची खरी माहिती ज्याच्या पायाखाली आहे त्याचं मत शून्य, आणि आकडा चुकला तर दोष पूर्ण त्याचा. माझा राग टार्गेट असण्यावर नाही. राग याच्यावर आहे की अंदाज चुकायची जोखीम ज्यांनी घ्यायला हवी ते ती खाली ढकलतात, आणि ती येऊन थांबते बावीस-पंचवीस हजार पगाराच्या मुलावर आणि अण्णांसारख्या व्यापाऱ्यावर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, आठवडाभर शहरात ट्रक येऊ शकत नव्हते, निम्मी दुकानं पाण्यात. आमच्या मोबाइलमधल्या ॲपला यातलं काही कळत नव्हतं. रोज सकाळी साडेनऊला पहिल्या दुकानासमोर उभं राहून सेल्फी टाकायचा, नाहीतर गैरहजेरी लागायची. तीन दिवस माझी गैरहजेरी लागली; त्या तीन दिवसांत मी शेजाऱ्यांबरोबर नागाळा पार्कातल्या ओळखीच्यांचं सामान वरच्या मजल्यावर चढवत होतो. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी पुराचा विषय काढला. उत्तर मिळालं की पूर ओसरल्यावर लोक साबण जास्त घेतील, तेव्हा टार्गेट तेच राहील. मी खाली मान घालून बसलो. तिथं गप्प बसल्याची खंत मला अजून आहे.

ॲपचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. दिवसभर लोकेशन चालू ठेवायचं, दुकानापासून ठरावीक अंतराच्या आत आल्याशिवाय ऑर्डर टाकता येत नाही, चहाला थांबलो तर ‘आयडल टाइम’. मोबाइल माझा, नेटपॅक माझा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरायची वाट मालकाला ठेवलेली आहे. रात्री नऊनंतरही लोकेशनचे ठिपके कोणाच्या तरी स्क्रीनवर हलत राहतात. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी डिसेंबर २०२३ मध्ये देशभर संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत ही पाळतही होती. आमच्या साबण-बिस्किटवाल्यांची संघटनाच नव्हती, त्यामुळं माझ्या जुन्या सोबत्यांनी ती बातमी वाचली आणि ते पुढच्या दुकानात गेले.

आता कायद्याकडं येतो, कारण इथं मला सगळ्यात उशिरा जाग आली. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे कंपनीची विक्री वाढवायचं काम करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या, सेवाशर्तींचा एक स्वतंत्र कायदा १९७६ पासून होता. सुरुवातीला तो औषध उद्योगापुरता होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की विक्री वाढवण्याचं काम हे औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे जे संरक्षण मिळायचं ते त्या १९७६ च्या कायद्यामार्फतच. २०११ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून तो आणखी दहा-एक उद्योगांना लावला. साबण आणि सौंदर्यप्रसाधनं, बिस्किटं, शीतपेयं, तयार कपडे, विजेची उपकरणं, रंग, वाहनं असे ते उद्योग. ठरलेल्या नमुन्यातलं नेमणूकपत्र द्यायचं, कामाच्या अकरा दिवसांमागं एक दिवस भरपगारी रजा द्यायची, आजारपणाची निम्म्या पगारी रजा द्यायची, आणि औद्योगिक विवाद कायदा या कर्मचाऱ्यांना लागू. मी नोकरीत असतानाच हे सगळं मला लागू झालं होतं. मला ते कळलं नोकरी सोडल्यावर, एका वकील मित्राच्या ऑफिसात. चौदा वर्षांत ना कंपनीनं सांगितलं, ना मी विचारलं.

यातली पळवाटही तितकीच महत्त्वाची आहे. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस या कायद्याच्या बाहेर. म्हणून आमची सगळ्यांची पदं मोठी. माझ्या कार्डावर ‘टेरिटरी मॅनेजर’ असं छापलेलं होतं. माझ्या हाताखाली एकही माणूस नव्हता, कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, शंभर रुपयांचा क्लेम पास करता येत नव्हता. पद काय छापलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघायचं, असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पण ते सिद्ध करायला आधी न्यायालयापर्यंत जावं लागतं, आणि शेवटचा पगार आणि थकलेले टीए-डीए अडकलेला माणूस तिथवर जात नाही. तो शाहूपुरीतल्या एखाद्या प्लेसमेंटवाल्याकडं जाऊन दुसरी कंपनी बघतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत विक्री संवर्धन कर्मचाऱ्याला कामगाराच्या व्याख्येत नाव घेऊन आणलं आहे आणि नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक केलं आहे. हे चांगलं झालं. पण टार्गेटबद्दल तिथंही शब्द नाही. नेमणूकपत्रात ‘इन्सेंटिव्ह कंपनीच्या धोरणानुसार’ एवढं एक वाक्य लिहिलं की कागद पूर्ण होतो, आणि ते धोरण कंपनी महिन्याच्या पंधरा तारखेलाही बदलू शकते. माझ्या बाबतीत दोनदा बदललं.

सरकार या क्षेत्राकडं बघतच नाही असं नाही. बघतं, पण शेवटच्या टोकाकडं. बँकेत एफडी करायला गेलेल्या म्हाताऱ्याच्या हातात विम्याची पॉलिसी पडते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर २०२४ पासून विमा नियामकानं पॉलिसी परत करायची मुदत ३० दिवस केली. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत म्हणून मार्च २०२४ मध्ये विपणनाची एकसमान संहिता आली. दोन्ही नियम हवेच होते. पण काउंटरमागच्या मुलीला ३१ मार्चच्या आत इतक्या पॉलिसी पूर्ण करायला कोणी सांगितलं, हा प्रश्न दोन्हीकडं राहूनच गेला आहे. फसलेल्या म्हाताऱ्यानं तीस दिवसांत धावायचं, आणि पकडली गेली तर नोकरी त्या मुलीची जायची. आकडा ठरवणारा दोन्ही वेळा मोकळा.

माझ्याशी वाद घालणारे मित्र अजून कंपन्यांत मोठ्या पदांवर आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं, टार्गेट काढून घेतलं तर कोणी घराबाहेर पडणार नाही. टार्गेट काढा असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो ते सेकंडरीवर लावा, दुकानात गेलेल्या मालावर. ज्या ॲपमधून तुम्ही माझा सेल्फी मागता त्याच ॲपमध्ये दुकानवार ऑर्डर असते. आकडा तुमच्याकडं रोज संध्याकाळी तयार असतो. मग तो का वापरत नाही? कारण वापरला तर मार्चअखेरचा ताळेबंद एवढा भरलेला दिसणार नाही.

दुसरं म्हणणं, मेहनत करणाऱ्याला इन्सेंटिव्ह मिळतो, तो कोणाला नको असतो? मिळतो, पण कसा ते बघा. आमच्याकडं ९० टक्क्यांच्या खाली काही नाही आणि ९० ला नऊ हजार. ८९ टक्क्यांवर उभ्या असलेल्या, घरभाडं आणि मोटारसायकलचा हप्ता द्यायचा असलेल्या मुलाकडून तुम्ही कोणत्या वागण्याची अपेक्षा करता? मी स्वतः दोनदा खिशातले पैसे घालून होलसेलवाल्याला भाव पाडून दिला आहे. तीन हजार घालून नऊ हजार मिळवले, एवढंच ते गणित होतं. ते घरी सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तिसरं म्हणणं मला जास्त बोचतं. ज्याला झेपत नाही त्यानं ही लाइन सोडावी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातून दरवर्षी बी.कॉम., बीबीए, बी.एस्सी. होऊन बाहेर पडणाऱ्या किती मुलामुलींना पहिली नोकरी विक्रीचीच मिळते ते आजूबाजूला बघा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत इंजिनिअर लागतात. बाकीच्यांना बँकेचं सेल्स, विम्याचं सेल्स, मोबाइलचं, औषधाचं, रंगाचं. लाइन सोडा म्हणायला दुसरी लाइन असावी लागते.

या शहराला बाजाराचे नियम करायची सवय आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाचा व्यापार एका ठिकाणी, नीट घडीवर यावा म्हणून. पुढं बाजार समित्यांच्या कायद्यानं रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे बंद करून उघडे लिलाव आणले, कारण ज्याचा माल आहे त्यालाच भाव दिसत नव्हता. माझ्या टार्गेटचं गणितही असंच रुमालाखाली होतं. ते उघड्यावर आणायला संसदेची वाट बघायची गरज नाही. डिस्ट्रिब्युटरांच्या संघटनांनी ठरवलं की महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत लेखी ऑर्डरशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही, तर निम्मं ठोकणं थांबेल. कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलनी कंपनीला कॅम्पसमध्ये घेताना टार्गेट आणि इन्सेंटिव्हचं धोरण लेखी मागावं. आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयानं विक्री कर्मचाऱ्यांच्या नेमणूकपत्रांची तपासणी कारखान्यांच्या तपासणीइतकीच नियमानं करावी. आमचं कामाचं ठिकाण रस्ता असतो, म्हणून आमच्याकडं कोणी तपासायला येत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला एका रंगाच्या कंपनीतून ऑफर लेटर आलं. पद, ‘असोसिएट टेरिटरी मॅनेजर’. बहिणीनं पेढे आणले होते. रात्री तो लेटर घेऊन माझ्याकडं आला, “मामा, जरा बघ की.” आम्ही दोघांनी बसून कंपनीला एक साधा मेल लिहिला. तीन प्रश्न होते. माझं टार्गेट प्रायमरीवर आहे की सेकंडरीवर? महिना सुरू झाल्यावर ते बदलता येतं का? नोकरी सोडली तर डिस्ट्रिब्युटरकडं पडून असलेल्या मालाची वसुली माझ्या शेवटच्या पगारातून होणार का?

पाठवताना तो घाबरला होता, ऑफर काढून घेतील म्हणून. काढून घेतली नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. पहिल्याचं उत्तर, प्रायमरीवर. दुसऱ्याचं, व्यवसायाच्या गरजेनुसार. तिसऱ्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. आम्ही तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे. त्याचं जॉइनिंग एक तारखेला आहे.